औषध आधी आले : प्रस्तावना

पिंपरीतले जुने लोक अजूनही ‘पेनिसिलीन फॅक्टरी’च म्हणतात. कागदोपत्री तिचे नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड, रोजच्या बोलण्यात नुसते ‘एच. ए.’. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीतला भारत सरकारचा हा पहिला कारखाना. हे औषध आपल्या देशात, सरकारच्या मालकीने आणि गरिबाला परवडेल अशा किमतीत बनले पाहिजे, असा हट्ट मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेल्या साहिबसिंग सोखी यांच्यासारख्यांनी धरला होता. तेव्हा पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका नव्हती (ती १९८२ मधली), एमआयडीसी स्थापन व्हायची होती, आणि पवना नदीच्या पलीकडचे थेरगाव शेतीवर जगणारे खेडे होते.

या पट्ट्यात प्रतिजैविक आधी आले, शहर मागाहून आले. भुयारी गटारे त्याहून मागाहून. पगारी आजारपणाची रजा कंत्राटी कामगारापर्यंत अजून पोचलेली नाही. आपल्याला त्रास देणारा जिवाणू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडेल, हे सांगणारी तपासणी आजही गल्लीतल्या दवाखान्याच्या नेहमीच्या कामात बसत नाही. जे जे यायचे राहिले, त्याची जागा गोळीने भरून काढली. पुढची सगळी पाने या एका म्हणण्याभोवती फिरतात, म्हणून ते सुरुवातीलाच सांगून टाकले.

प्रतिजैविकांना जिवाणू दाद देईनासे होतात, त्याला इथे सरसकट ‘प्रतिरोध’ म्हटले आहे. त्याची बातमी वर्तमानपत्रात येते ती बहुधा अतिदक्षता विभागातून : व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, हाती उरलेले शेवटचे औषध, लाखांचे बिल. ते चित्र खरे आहे, पण अपुरे. या पुस्तकाने मुद्दाम दवाखान्याच्या पायरीवरचा आणि मेडिकलच्या काउंटरवरचा प्रतिरोध निवडला. बाईला वर्षातून तीनतीनदा होणारी लघवीची जळजळ, प्रेसवर काम करताना पत्रा लागून चिघळलेली बोटे, शाळकरी मुलाचा आठवडाभर न उतरणारा ताप, पुन्हा पुन्हा उठणारी गळवे. वीस वर्षांपूर्वी पाच दिवसांच्या साध्या गोळ्यांनी मिटणारी ही दुखणी आता शिरेतून द्यायच्या इंजेक्शनपर्यंत जाऊ लागली आहेत. रुग्णालयातला प्रतिरोध भिंतीआड तरी असतो. वस्तीतल्या प्रतिरोधाला भिंत नसते.

विषय समजायला कठीण नाही, पण एक गैरसमज फार चिवट आहे. ‘माझ्या अंगाला त्या औषधाची सवय झाली’ असे आपण सहज बोलून जातो. बदलते ते आपले अंग नव्हे. अनुकूल परिस्थितीत अनेक जिवाणूंची संख्या वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होते. त्या कोट्यवधींच्या गर्दीत एखाद्याच्या जनुकांत योगायोगाने फरक पडलेला असतो; औषध बाकीच्यांना मारते आणि त्या एकाला रान मोकळे करून देते. मग कोणी औषध फोडणारे विकर तयार करतो, कोणी आत शिरलेले औषध बाहेर फेकणारे पंप चालवतो, कोणी औषध जिथे चिकटते ती जागाच बदलतो. हे कौशल्य माणसाने औषध शोधण्याच्या फार आधीचे आहे. कॅनडातील युकॉन भागात तीस हजार वर्षे गोठून पडलेल्या मातीत प्रतिरोधाची जनुके सापडली, हे २०११ साली प्रसिद्ध झाले. मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांविरुद्ध ही अस्त्रे आणि ही ढाल युगानुयुगे वापरत आले आहेत. आपण गेल्या ऐंशी वर्षांत त्यातले अस्त्र टनावारी बनवून सगळीकडे पसरले आणि ढालीला मागणी निर्माण केली.

नव्या वाचकाने सर्वांत आधी नीट समजून घ्यावी अशी गोष्ट जपानमधली आहे. १९५०च्या दशकात तिथे आमांश घडवणारे शिगेला जिवाणू एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देईनासे झाले. एकेका औषधाविरुद्ध एकेक अपघाती बदल घडत गेला असे मानले तर इतक्या थोड्या वर्षांत हे घडणे जवळजवळ अशक्य होते. प्रतिरोधाची जनुके प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वर्तुळांवर बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात, एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात, हे जपानी संशोधकांनी दाखवले आणि १९६३ मध्ये त्सुतोमु वातानाबे यांनी ते इंग्रजीतून जगापुढे मांडले. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावे, तसा हा व्यवहार. आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय आपल्याकडचे प्लाझ्मिड पाहुण्या रोगजंतूला देतो आणि तो ते घेऊन पुढच्या घरी जातो.

याचा अर्थ लक्षात आला की विषयाची नीतीच बदलते. सर्दीसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणाऱ्याची सर्दी त्या गोळीने जात नाही, कारण सर्दी विषाणूंची; पण त्याच्या आतड्यातली वस्ती मात्र बदलते. ती बदललेली वस्ती हातांवरून, शौचालयातून, पाण्यातून त्याच्या घरच्यांकडे आणि भाडेकरूंकडे जाते. आयुष्यात एकही कॅप्सूल न घेतलेल्या आजीबाईंच्या लघवीत तीन औषधांना न जुमानणारा जिवाणू सापडू शकतो. ‘मी घेतले, माझे मी निस्तरीन’ हा हिशेब इथे चालत नाही.

इतिहासात एक विलक्षण उपरोध आहे. पेनिसिलीन फोडणाऱ्या विकराचे वर्णन अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच केले होते, औषध बाजारात येण्याआधी. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंत पेनिसिलीनला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण १९४६ साली १४ टक्के होते, ते १९४८ पर्यंत ५९ टक्क्यांवर गेले. पिंपरीचे उत्पादन सुरू होण्याच्या सात वर्षे आधीची ही नोंद. स्ट्रेप्टोमायसिनची कथा तशीच. क्षयावर ते एकटे दिले की रुग्ण आधी सुधारतो आणि काही महिन्यांत पुन्हा खालावतो, हे ब्रिटनमधल्या १९४८ च्या प्रसिद्ध चाचणीतच दिसले. क्षयाला अनेक औषधे एकत्र द्यायची हा धडा तिथला. म्हणजे ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणायची सोय कुणालाच नाही.

तरीही त्या पिढीला फारशी चिंता वाटली नाही आणि त्यासाठी तिला दोष देणेही अवघड आहे, कारण एक औषध निकामी झाले की पुढचे हजर असे. १९५९ मध्ये मेथिसिलिन आले. त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस १९६१ मध्ये सापडला. तोवर इतर औषधे रांगेत होती. मातीचे नमुने आणायचे, सूक्ष्मजीव वाढवायचे, नवे रसायन वेगळे करायचे : हा रसायनशास्त्रज्ञांचा पंथ, आणि पिंपरी त्याचे भारतातले मोठे ठाणे. एच. ए.च्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या बुरशीविरोधी औषधाचे नाव हॅमायसिन, त्यातले ‘एच. ए.’ कंपनीचे. आज या शोधाची आठवण खुद्द पिंपरीत किती जणांना आहे, कोण जाणे. १९८०च्या दशकानंतर नव्या वर्गाची औषधे सापडणे जवळजवळ थांबले. पुढच्या दशकात आयातीच्या रेट्यापुढे कंपनीही आजारी उद्योगांच्या यादीत गेली. पेनिसिलीनचा मूळ कच्चा माल चीनमधून येऊ लागला, आणि पंथ ओसरला.

भारतातल्या वस्तीपातळीवरच्या प्रतिरोधाचा आरसा म्हणजे विषमज्वर, आपला टायफॉइड. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल त्याच्यावर रामबाण होते. १९७२ साली मेक्सिकोत आणि त्याच सुमारास केरळात ते हरले. १९९०च्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोल या तिन्हींना न जुमानणारे जिवाणू देशभर दिसू लागले, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनने तारले. दहा-पंधरा वर्षांत तेही गेले. आता भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनवर आहे, आणि पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही निकामी करणारा टायफॉइड पसरला आहे. डॉक्टरांच्या प्रत्येक पिढीचे ‘हमखास’ औषध वेगळे, ही साखळी वाचताना बरोबर एक गोष्ट टिपावी : वापर कमी झाल्यावर जुन्या क्लोरॅम्फेनिकॉलला भारतातले टायफॉइडचे जिवाणू पुन्हा बऱ्याच प्रमाणात दाद देऊ लागले. गेलेले सगळेच कायमचे जात नाही. मात्र हा नियम सगळ्या जिवाणूंना लागू होतो असे समजून निश्चिंत होऊ नये.

टायफॉइडबद्दल आणखी दोन गोष्टी पुणे जिल्ह्याच्या संदर्भात सांगायलाच हव्यात. देशात या तापाचे प्रमाण मोजण्यासाठी मुलांच्या गटांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर या शहरी वस्त्यांबरोबर केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे वढू हे ग्रामीण क्षेत्र होते. शहरी ठिकाणी दर लाख बालवर्षांमागे ५७६ ते ११७३ रुग्ण सापडले, वढूला ३५. औषधांची दुकाने दोन्हीकडे आहेत, जिवाणूही तोच. दाटीवाटीच्या शहरी वस्तीत पाणी आणि मैला यांची गाठ पडते, हा त्या तफावतीचा सर्वांत सरळ अर्थ. आणि दुसरी गोष्ट विडालची. ‘विडाल पॉझिटिव्ह’ हे शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, पण ती चाचणी बेभरवशाची आहे. नेमके निदान रक्त वाढवून तपासण्यात, म्हणजे कल्चरमध्ये आहे. एका पुसट चाचणीच्या जोरावर दिली गेलेली औषधे ही प्रतिरोधाच्या बिलातली मोठी रक्कम आहे, असे माझे मत आहे.

मुंबईच्या क्षयाची कथा अधिक कडवट. धारावीतल्या शंभरएक खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळे औषधक्रम लिहून दिल्याचे मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये दाखवले. जवळजवळ वीस वर्षांनी झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा १०६ डॉक्टरांकडून ६३ क्रम आले आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी बरोबर क्रम लिहिणारे तीन निघाले. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या उदवाडिया यांच्या गटाने त्या वेळी उपलब्ध असलेल्या सगळ्या औषधांना न जुमानणारे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा यंत्रणेचा पहिला वाद त्या प्रकाराला काय म्हणायचे यावर झाला.

तसाच प्रकार २०१० मध्ये घडला होता. कार्बापेनेम ही त्या काळची राखीव औषधे फोडणाऱ्या विकराला नवी दिल्लीचे नाव दिलेले होते, ‘एनडीएम-१’. संसदेत संताप व्यक्त झाला, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट असल्याची भाषा झाली. वास्तविक त्याच वर्षी मार्चमध्ये, ज्या परदेशी निबंधावरून हा गदारोळ झाला त्याच्या आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आपल्याच देशातल्या नियतकालिकात, तपासलेल्या २४ पैकी २२ जिवाणूंत हे जनुक सापडल्याचे छापले होते. घरच्यांनी सांगितले तेव्हा कुणी ऐकले नाही. त्या रागातून निदान काही कामे मात्र झाली. अब्दुल गफूर यांच्या पुढाकाराने २०१२ चा चेन्नई जाहीरनामा आला, २०१३ मध्ये एच-१ अनुसूची अधिसूचित झाली आणि मार्च २०१४ पासून ४६ औषधांच्या विक्रीची वेगळी वही ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक झाले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. चिठ्ठीशिवाय घेऊ नये हे सांगणारी पाकिटावरची लाल रेषाही याच काळातली. ती रेषा न पाहिलेला माणूस सापडणार नाही. तिचा अर्थ सांगणारा शोधावा लागतो.

आज या क्षेत्रात निरनिराळ्या जातीचे अभ्यासक वावरतात आणि ते एकमेकांशी पुरेसे बोलत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जनुके मोजतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे २०१३ पासूनचे प्रतिरोध-निरीक्षणाचे जाळे त्यांचे. त्यात पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्राम आहे. पण ते जाळे मोठ्या रुग्णालयांचे. तिथे पोचणारा रुग्ण आधीच दोन-तीन औषधे घेऊन आलेला असतो, त्यामुळे त्या आकड्यांवरून थेरगावातल्या पहिल्यांदाच जळजळ झालेल्या बाईबद्दल अंदाज बांधणे धोक्याचे. दुसरीकडे रुग्णालयातली औषधशिस्त बसवणारे डॉक्टर आणि नियम करणारे प्रशासक आहेत. त्यांचा भर वापर आवरण्यावर. तिसरा प्रवाह माणूस, जनावर आणि पर्यावरण एकत्र पाहणाऱ्यांचा. चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत सापडलेले, कोलिस्टिन हे राखीव औषध निकामी करणारे जनुक २०१५ च्या अखेरीस जाहीर झाले. भारताने २०१९ मध्ये कोंबड्यांच्या व इतर जनावरांच्या खाद्यातले कोलिस्टिन बंद केले. हैदराबादजवळच्या पाटनचेरू इथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अशा सांडपाण्यासाठी मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने २०२० मध्ये काढला आणि अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या. यावर आणखी टिप्पणी करायची गरज नसावी.

आणि एक प्रवाह समाजशास्त्रज्ञांचा, लंडनच्या क्लेअर चँडलर यांच्यासारख्यांचा. रस्ते, पाणी, वीज यांसारखे प्रतिजैविकही आता समाजाच्या पायाभूत व्यवस्थेत मुरले आहे, स्वच्छता आणि काळजी यांच्या अभावावर ते तात्पुरते लिंपण घालते, म्हणून नुसता उपदेश करून ते काढता येणार नाही, असे हा प्रवाह म्हणतो. माझा कल इकडे आहे. पण या मांडणीत एक पळवाटही आहे. सगळा दोष व्यवस्थेवर टाकला की सर्दीला तिसऱ्या पिढीचे औषध लिहिणारा आणि ते चिठ्ठीशिवाय विकणारा, दोघेही सुटतात. त्यांना सोडू नये.

थेरगावात ही मांडणी कशी दिसते? एका बाजूला हिंजवडी, दुसऱ्या बाजूला पिंपरी, भोसरी आणि पलीकडे चाकणचे कारखाने. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली माणसे डांगे चौकाच्या आसपास, गणेशनगरात, भाड्याच्या खोल्यांत राहतात. २०११ च्या जनगणनेत सबंध शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती आणि तेव्हापासून ती खूप वाढली आहे. उपचारांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. वायसीएम रुग्णालय आहे, महापालिकेचे थेरगाव रुग्णालय आहे, आदित्य बिर्ला रुग्णालय तर गावाला लागूनच. तरी ताप आला की माणूस पहिल्यांदा मेडिकलवर जातो. ‘दादा, जरा पॉवरची द्या, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे.’ यातले महत्त्वाचे शब्द ‘फर्स्ट शिफ्ट’. कंत्राटी कामगाराचा एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार, आणि लागोपाठ खाडे म्हणजे उद्या दुसरा माणूस. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढे थांबणे, अंगावर काढणे आणि गोळी घेऊन कामावर जाणे, या तीन वाटांपैकी तो तिसरी निवडतो ती अडाणीपणाने नव्हे. गल्लीतला बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरही याच गणितात सापडलेला आहे. दोन दिवसांत गुण आला नाही तर रुग्ण समोरच्या दवाखान्यात जाईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. २०१९ च्या खासगी बाजारातल्या विक्रीत देशात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम होते. तीन गोळ्यांची पट्टी, तीन दिवसांत मोकळे. शिफ्टमध्ये बसणारे औषध.

मग नदी. महापालिका पिण्याचे पाणी उचलते ते वरच्या अंगाला, रावेतच्या बंधाऱ्यावर. थेरगाव त्याच्या खाली. केजुदेवी बंधाऱ्यापाशी पवनेवर फेसाचे ढीग तरंगताना दिसतात, उन्हाळ्यात जलपर्णी साचते, छायाचित्रे छापून येतात. फेस दिसला म्हणजे प्रतिरोध दिसला असे मात्र नाही. ती गल्लत या पुस्तकातल्या एका लेखात सविस्तर सोडवली आहे. डोळ्यांना न दिसणारा पुरावा शेजारच्या मुठेत आहे. नचिकेत मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहरातून वाहणाऱ्या मुठेच्या गाळाची तुलना शहराच्या वरच्या अंगाच्या गाळाशी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शहरातल्या गाळात प्रतिरोधाची जनुके तीस पटींपर्यंत जास्त होती आणि त्यांत कार्बापेनेम व कोलिस्टिन या राखीव औषधांविरुद्धची जनुकेही होती. तिथे पाटनचेरूसारखे औषध कारखाने नाहीत. शहराचा प्रक्रिया न झालेला मैला एवढे कारण पुरले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटातला जिवाणू पुढे आला, तेव्हा पाणी आणि मज्जासंस्था यांचे नाते लोकांना एकदम कळले. तसेच नाते पाणी आणि प्रतिरोध यांचे आहे. फक्त ते पायांतली शक्ती घालवून स्वतःची जाहिरात करत नाही.

या सगळ्यावरून ‘प्रतिजैविके कमी करा’ एवढाच निष्कर्ष काढणाऱ्याने गडचिरोलीकडे पाहावे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तिथल्या खेड्यांत आरोग्यदूतांना जंतुसंसर्ग झालेले नवजात बाळ ओळखायला आणि त्याला घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. इतर काळजीबरोबर दिलेल्या या उपचाराने नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे औषध पोचतच नाही तिथे ते पोचवणे हेही याच विषयाचे काम आहे. एकाच राज्यात एका टोकाला औषधाअभावी बाळ दगावते आणि दुसऱ्या टोकाला तेच औषध वायफळ वापराने बोथट होते. जो लेखक यातली एकच बाजू सांगतो, त्याच्यावर मी पुरता विश्वास ठेवत नाही.

आत्ताच हे पुस्तक का, याचे उत्तर काही आकड्यांत आहे. २०१९ मध्ये जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधामुळे झाले असा अंदाज आहे. भारतातले त्यांपैकी जवळजवळ तीन लाख. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या दर सहा जंतुसंसर्गांपैकी एक प्रतिरोधी होता, आणि दक्षिण-पूर्व आशियात दर तिघांपैकी एक. सिझेरियन, डायलिसिस, कर्करोगाची केमो, मधुमेह्याच्या पायावरची शस्त्रक्रिया, सगळे प्रतिजैविक चालेल या भरवशावर उभे आहे. नवी औषधे अगदीच येत नाहीत असे नाही. छत्रपती संभाजीनगरला संशोधन केंद्र असलेल्या वोखार्टचे नॅफिथ्रोमायसिन वस्तीत होणाऱ्या न्यूमोनियासाठी २०२४ मध्ये पुढे आले, ही महाराष्ट्रासाठी खरोखर मोठी गोष्ट. पण नवे प्रतिजैविक जपून वापरायचे असते आणि जपून वापरले की खपत नाही. अमेरिकेतली अकायोजेन ही कंपनी आपले औषध मंजूर झाल्यावर वर्षभरात दिवाळखोर झाली. अशा धंद्यात भांडवल टिकत नाही. लस हा त्यामानाने कमी गाजलेला मार्ग. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी लस सार्वजनिक मोहिमेतून लाखाहून अधिक मुलांना दिली. सरकारी पातळीवर असे करणारी ती जगातली पहिली यंत्रणा. ताप आलाच नाही तर गोळीचा प्रश्नच येत नाही. पिंपरी-चिंचवडने त्या मोहिमेकडे अधिक आस्थेने पाहायला हवे होते असे मला वाटते.

पुस्तक काय करू पाहते तेही सांगितले पाहिजे. मराठीत या विषयावर लिहिले गेले ते बहुतेक आरोग्य सदरांतून, आणि त्याचा सूर ‘कोर्स पुरा करा’ असा. हा सल्ला क्षयाच्या बाबतीत जिवाच्या मोलाचा आहे. इतर अनेक संसर्गांत मात्र जास्त दिवस म्हणजे कमी प्रतिरोध हे समीकरण टिकत नाही, अशी चर्चा २०१७ पासून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उघडपणे झाली आहे. किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरने ठरवावे आणि आपण मनाने ना वाढवावे ना तोडावे, एवढेच सामान्य वाचकासाठी खरे. पुस्तक या वादातले दोन्ही पक्ष मांडते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, दवाखाना चालवणारे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते, पाणीपुरवठ्यातले कर्मचारी आणि खाडा न पडू देणारे कामगार यांना एका बांधणीत आणणे, ही त्याची खरी खटपट. त्यांची मते जुळत नाहीत. संपादकांनी ती जुळवायचा प्रयत्न केलेला नाही, हे बरे केले. औषधविक्रेत्याचा डॉक्टरांवरचा राग आणि डॉक्टरांचा औषधविक्रेत्यावरचा राग दोन्ही जसेच्या तसे आले आहेत, आणि वहीत नोंद न करता विकण्याची कारणे एकाने ज्या मोकळेपणाने सांगितली आहेत, तशी ती मी इतरत्र वाचलेली नाहीत.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. औषधांच्या मात्रा कुठेही दिलेल्या नाहीत, म्हणून घरगुती उपचारासाठी हे पुस्तक उघडू नये. बुरशी आणि विषाणू यांच्या प्रतिरोधाला हात घातलेला नाही. वस्तीतल्या माणसांची नावे बदललेली नाहीत. ती दिलेलीच नाहीत. जिवाणूंची अजिबात ओळख नसलेल्या वाचकाने मधला भाग आधी वाचावा. ज्याला ती आहे त्याने औषधविक्रेत्यांच्या मुलाखतींपासून सुरुवात केली तरी काही बिघडणार नाही.